मोजता येणारी तक्रार : धंतोलीतील घरे, रुग्णालये आणि वाहनतळ

निवासी इमारतीत बदल करण्यावरून शहरात जे वाद उभे राहतात, ते कोठूनही सुरू झाले तरी बहुधा वाहने लावण्याच्या जागेपाशी येऊन थांबतात. नागपुरात याचे ठळक उदाहरण धंतोलीचे आहे. सीताबर्डीला खेटून असलेली, सरळ रस्त्यांची आणि ऐसपैस भूखंडांची ही वसाहत राहण्यासाठी वसली; पुढे तेथील घरांच्या आणि फ्लॅट स्कीमच्या जागी, कधी त्यांच्या पोटातच, रुग्णालये येत गेली, रस्त्यांच्या कडा वाहनांनी भरल्या, आणि अखेर धंतोली नागरिक मंडळाने मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात जनहित याचिका दाखल केली. नकाशाबाहेरची बांधकामे, रुग्णालयांची अपुरी पार्किंग आणि त्यातून होणारी कोंडी हे या गाऱ्हाण्याचे मुख्य मुद्दे होते. रहिवाशांनी गमावले होते ते मात्र याहून पुष्कळ अधिक होते, आणि त्यातले बरेचसे याचिकेच्या भाषेत मांडता येण्याजोगे नव्हते. वाहनतळ ही अशा वादात प्रत्यक्ष अडचण असतेच. शिवाय जी इतर गाऱ्हाणी कायद्याला ऐकू येत नाहीत, ती सांगण्याची उपलब्ध भाषाही तीच असते.

धंतोलीच का, याची कारणे भूगोलात आहेत. रेल्वे स्थानक जवळ, वर्धा रोड हाताशी, आणि 1947 साली सुरू झालेले शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, म्हणजे नागपूरकरांचे ‘मेडिकल’, फारसे दूर नाही. मेडिकलमधून शिकून बाहेर पडलेल्या डॉक्टरांना आसपास दवाखाना थाटणे सोयीचे होते, आणि केवळ विदर्भातूनच नव्हे, तर छिंदवाडा, बालाघाट, शिवनी, बैतूल या मध्य प्रदेशातील जिल्ह्यांतून आणि छत्तीसगडमधून येणाऱ्या रुग्णालाही गाडीतून उतरताच पोहोचता येईल अशी ही जागा होती. घराच्या खालच्या खोलीत डॉक्टरांचा दवाखाना आणि वर त्यांचे कुटुंब ही मूळ व्यवस्था कोणाला खुपली नाही, कारण तिच्यात डॉक्टर हाही शेजारीच असे. धंतोलीत आणखी रुग्णालये नकोत असे ठामपणे म्हणणाऱ्या गृहस्थालाही रात्री छातीत दुखू लागले की पहिल्यांदा धंतोलीच आठवते. या विसंगतीकडे काणाडोळा करून हा वाद समजणार नाही.

महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, 1966 या कायद्यात ‘विकास’ या शब्दाची व्याख्या फार व्यापक आहे. नवे बांधकाम तर त्यात येतेच, पण इमारतीच्या किंवा जमिनीच्या वापरात केलेला महत्त्वाचा बदलही विकासच मानला जातो. म्हणजे एकही भिंत न हलवता राहत्या घरात खाटा मांडल्या, तरी कायद्याच्या दृष्टीने ती नवी घटना असते आणि तिला नियोजन प्राधिकरणाची परवानगी लागते. ज्या शहरात 1936 च्या कायद्याने जन्मलेला सुधार प्रन्यास आणि महापालिका अशा दोन यंत्रणा नियोजनाचे काम वाटून घेत आल्या आहेत, तेथे परवानगी कोणाची हा प्रश्नही अधूनमधून डोके वर काढतो. त्यातच जुन्या वस्त्यांतील पुष्कळ जमीन नझूलची, म्हणजे सरकारने भाडेपट्ट्याने दिलेली. तिच्या वापराच्या अटी जिल्हाधिकाऱ्यांच्या कार्यालयात आणि इमारतीचा मंजूर नकाशा दुसऱ्याच कार्यालयात, अशी कागदांची फाटाफूट असते.

वाहनतळाचे गणित या मंजूर नकाशात एकदाच मांडले जाते. निवासी इमारतीसाठी सदनिकेचे क्षेत्रफळ पाहून मोटारी व दुचाकी यांची संख्या ठरते. रुग्णालयासाठी ती खाटांवरून ठरते. मोटारीची एक जागा सर्वसाधारणपणे 2.5 मीटर रुंद आणि 5 मीटर लांब, म्हणजे साडेबारा चौरस मीटर धरतात. गाडी आत-बाहेर काढण्यासाठी लागणारी वाट निराळी. या जागेसाठी इमारत खांबांवर उचलून तळमजला मोकळा ठेवतात, त्याला स्टिल्ट म्हणतात. भूखंडाच्या क्षेत्रफळाच्या किती पट बांधकाम करता येईल हे सांगणाऱ्या चटई क्षेत्र निर्देशांकात हा तळमजला धरला जात नाही. हा एक सौदाच आहे : मालकाला तेवढ्या उंचीची सवलत मिळते आणि त्या बदल्यात त्या इमारतीच्या गाड्या रस्त्यावर येणार नाहीत अशी हमी रस्त्याला मिळते. पुढे त्याच तळमजल्यावर औषधांचे दुकान, तपासणीची प्रयोगशाळा किंवा नोंदणीची खिडकी आली, की सवलत कायम राहते आणि हमी तेवढी नाहीशी होते.

या मोकळ्या तळमजल्याचा मालक कोण, याचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने 31 ऑगस्ट 2010 रोजी दहिसरच्या पांचाली सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात दिला. स्टिल्टमधील जागा म्हणजे स्वतंत्रपणे विकता येणारे ‘गॅरेज’ नव्हे, ती सामाईक जागा आहे आणि विकासकाला ती वेगळी विकता येत नाही, असे न्यायालयाने ठरवले. नागपुरात मात्र सहकारी संस्थेपेक्षा 1970 च्या महाराष्ट्र अपार्टमेंट मालकी कायद्याखालील स्कीमच अधिक आढळतात. त्या पद्धतीत प्रत्येक सदनिकाधारकाचा जमिनीत आणि सामाईक भागात अविभक्त हिस्सा असतो, त्याचे दस्तऐवज म्हणजे नोंदवलेले घोषणापत्र, आणि त्यात वेगळे काही म्हटले नसेल तर वाहनतळ सामाईक भागातच मोडतो. इमारतीच्या मजबुतीला बाधा आणणारे किंवा तिच्यात भर घालणारे मोठे काम इतर सर्व मालकांच्या संमतीविना करता येत नाही, असेही हा कायदा सांगतो.

हे सारे संरक्षण आतल्या माणसांसाठी आहे. सगळ्या सदनिका एकाच डॉक्टरांनी किंवा कंपनीने विकत घेतल्या, की संमती मागायला कोणी उरतच नाही; आणि कुंपणाच्या पलीकडचा शेजारी या हिशेबात कधीच नव्हता. 1966 च्या कायद्याची रचना येथे बारकाईने पाहण्याजोगी आहे. शहराची विकास योजना तयार करताना नागरिकांच्या हरकती व सूचना मागवाव्या लागतात, तिच्यात फेरफार करतानाही मागवाव्या लागतात. एकेका इमारतीच्या परवानगीचा व्यवहार मात्र अर्जदार आणि प्राधिकरण या दोघांतच चालतो. परवानगी नाकारली तर अर्जदाराला राज्य शासनाकडे अपील आहे. परवानगी दिली तर शेजाऱ्याला अपील नाही. आयर्लंडमध्ये 1963 च्या नियोजन कायद्यापासून त्रयस्थ नागरिकालाही दिलेल्या परवानगीविरुद्ध अपील करता येते, आणि त्यामुळे प्रकल्प रखडतात अशी तक्रारही तेथे सतत होते. आपल्याकडे ती पायरीच नसल्यामुळे शेजारी महापालिकेत अर्जावर अर्ज देतो आणि त्यानंतर थेट उच्च न्यायालयात उभा राहतो.

तेथे गेल्यावर त्याला नियमभंग दाखवावा लागतो, आणि दाखवता येतो तो संख्येचा. मंजूर नकाशात इतक्या गाड्या, प्रत्यक्षात जागेवर भिंत. इतके मीटर सामासिक अंतर, म्हणजे इमारत आणि कुंपण यांमधील मोकळी पट्टी, आणि तिथे जनरेटर. हे फोटोत येते, मोजपट्टीने सिद्ध होते. मध्यरात्री वाजणारा रुग्णवाहिकेचा भोंगा, फाटकासमोर उतरवली जाणारी प्राणवायूची नळकांडी, ओळखीच्या चेहऱ्यांची गल्ली अनोळखी माणसांची होणे, यांच्यासाठी नियमावलीत रकाना नाही. म्हणून ही सर्व गाऱ्हाणी पार्किंगच्या एका शब्दात कोंबली जातात. रहिवाशांवर ढोंगाचा आरोप करण्याचे त्यात काही कारण नाही. ज्या खिडकीतून अर्ज घेतला जातो, त्याच खिडकीपाशी माणूस उभा राहणार.

परंतु मोजता येणाऱ्या तक्रारीला उत्तरही मोजता येणारेच मिळते, आणि त्यात मूळ दुखणे तसेच राहते. यांत्रिक वाहनतळ बसवून एकावर एक गाड्या चढवल्या की संख्या भरते. बापाला स्ट्रेचरवरून आत नेणारा मुलगा मात्र आपली गाडी त्या पाळण्यात चढवत बसत नाही. तो ती दिसेल तेथे लावतो. शिवाय खाटांवरून केलेल्या मोजणीत बाह्यरुग्ण विभागात दिवसभर येणारे-जाणारे धरलेच जात नाहीत, आणि एका खाटेमागे गावाहून येणारे चार नातेवाईकही नाहीत.

अलीकडे हा भार इमारतीवरून वाहनावर टाकण्याचे विचार पुढे आले आहेत. वाहनतळाचे प्रमाण कमी करणाऱ्या बदलाविरुद्ध नवी मुंबईतील एका रहिवाशाने केलेल्या याचिकेवर ऑगस्ट 2021 मध्ये बोलताना मुंबई उच्च न्यायालयाने, जागा नसताना एकाच कुटुंबाला केवळ परवडतात म्हणून चार-पाच गाड्या बाळगू देऊ नयेत, असे मत व्यक्त केले. राज्याच्या परिवहन मंत्र्यांनी 2025 मध्ये वाहनतळाचा पुरावा असल्याशिवाय नव्या गाडीची नोंदणी करू नये, असा विचार मांडला. जपानमध्ये 1962 च्या कायद्यापासून अशी अट आहे. गाडी ठेवण्याची जागा घरापासून दोन किलोमीटरच्या आत असल्याचा दाखला तेथे द्यावा लागतो. फ्लॅट स्कीमच्या आपसांतील भांडणांना हा उपाय लागू पडेल. धंतोलीला तो लागू पडत नाही, कारण तेथील रस्ता अडवणाऱ्या गाडीला छिंदवाड्याच्या अंगणात हक्काची जागा असतेच.

दुसरे टोक पाडकामाचे. मेरठच्या निवासी भूखंडावर उभ्या राहिलेल्या दुकानांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 17 डिसेंबर 2024 रोजी कडक भूमिका घेतली. भोगवटा प्रमाणपत्राशिवाय पाणी-वीज जोडू नये, बँकांनी कर्ज देऊ नये आणि चुकीची परवानगी देणाऱ्या अधिकाऱ्यांवर कारवाई व्हावी, असे निर्देश दिले. नव्या बांधकामांना याचा धाक बसेल. पण वापर बदललेल्या इमारतीत पाडायचे काय? स्टिल्टमधली भिंत पाडता येते. वरच्या मजल्यावर रुग्ण असतात.

रुग्णालयाच्या बाबतीत महापालिकेच्या हातात याहून साधे साधन आहे. शुश्रूषागृहांच्या नोंदणीच्या 1949 च्या कायद्यानुसार प्रत्येक खासगी रुग्णालयाला नोंदणी करावी लागते आणि ठरावीक मुदतीने तिचे नूतनीकरणही करावे लागते. इमारतीचा नकाशा एकदा मंजूर होऊन कपाटात जातो, ही नोंदणी मात्र पुन्हा पुन्हा टेबलावर येते. खाटा किती वाढल्या, तळमजल्यावर आज काय आहे, नातेवाईकांना बसायला आवारात जागा आहे की ते समोरच्या घराच्या पायरीवर डबा उघडतात, हे त्या वेळी जाऊन पाहता येण्यासारखे असते, आणि शेजाऱ्याला नोटीस देऊन त्याचे म्हणणे ऐकायचे झाले तर तेही याच वेळी ऐकता येईल. नोंदणीची फाईल आरोग्य विभागात असते, नकाशाची नगररचना विभागात. दोन्ही विभाग महापालिकेचेच आहेत.