राक्षसगण

दिवाळीला भाचा नागपूरहून राळेगावला आला तो एक खेळ घेऊन. पट नाही, सोंगट्या नाहीत. फासे टाकायचे आणि तोंडाने गोष्ट रचायची. नाव 'डंजन्स अँड ड्रॅगन्स', जन्म अमेरिकेत, साल 1974. त्यात माणसे, बुटके, ऑर्क अशा जाती; आणि ऑर्क म्हटला की तो दुष्ट, असे पुस्तकातच छापलेले. 1977 च्या पुस्तकात तर आपला राक्षसही आहे, वाघाचे तोंड लावलेला. बिनापासपोर्ट कसा गेला कोण जाणे!

"पण मामा, आता तसं नाही. 2020 साली कंपनीनेच सांगितलं, ऑर्कसुद्धा इतरांसारखेच, त्यांच्यातही बरे-वाईट असतात."

म्हणजे शेहेचाळीस वर्षे ज्यांची मुंडकी उडवली त्यांचे काय? मी हसलो. स्वयंपाकघरातून मात्र भांडे आपटल्याचा आवाज आला. आमच्या सौ.चे नक्षत्र चित्रा, म्हणजे गण राक्षस. सत्तावीसपैकी नऊ नक्षत्रांना जन्मतःच ही पदवी मिळते. माझा देवगण. लग्नाला वीस वर्षे झाली. घरात आरडाओरडा कोण करतो ते शेजाऱ्यांना विचारा.

बरे, दुसऱ्याच दिवशी पाडवा. बळी असुरांचा राजा, वामनाने पाताळात घातलेला. आणि ओवाळताना राज्य मागायचे ते त्याचेच! जोतीराव फुल्यांनी 1873 च्या 'गुलामगिरी'त वामनालाच जाब विचारला. शेतकऱ्याला 'बळीराजा' म्हणतो तो याच असुरावरून. कॅलेंडरवर तरी म्हणतो. आमच्या बँकेत गण ठरतो तो खतावणीवरून.

2008 च्या कर्जमाफीत मी नवखा कारकून होतो. दोन हेक्टरांपर्यंत जमीन असली तर थकबाकी सगळी माफ. त्यावर असली तर नुसती सूट, तीही बाकीचे भरल्यावर. आमच्याकडे दोघे भाऊ खातेदार होते. कोरडवाहू कपाशी, पाऊस तोच, बुडाले तेही एकाच साली. थोरल्याच्या सातबाऱ्यावर 1 हेक्टर 95 आर, धाकट्याच्या 2 हेक्टर 5 आर. थोरला सुटला, धाकटा थकबाकीदारच राहिला. त्यांचा शेजारी बायकोचे डोरले मोडून वेळेवर भरून गेला होता. त्याचे नाव कुठल्याच यादीत नव्हते. याद्यांवर खुणा मी केल्या होत्या, देवगणी हाताने.

यादी लागली त्या दिवशी थोरला काउंटरशी आला. मला वाटले, पेढे आणले असतील.

"साहेब, काल पावतर मी बुडव्या होतो. आज चांगला झालो. मदात मी तं काईच केलं नाई जी."

"तुमचं नाव बसलं नियमात. झालं तर मग."

तो हलेना. मागे रांग वाढत होती.

"मंग माह्या भावानं तरी काय केलं?"

मी पुढच्या माणसाचे पासबुक मागितले.