दगड बदलताना

यंदाच्या चतुर्थीला आमचा एक माजी विद्यार्थी इब्रामपूरला आपल्या मूळ घरी आला होता. नोकरीनिमित्त त्याचे बिऱ्हाड पणजीकडे. माटोळीखाली चहा घेता घेता त्याने आपल्या घरच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीची गोष्ट काढली. नऊ वर्षांपूर्वी हौसेने मांडलेली ती टाकी. आत नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेले दोन मासे आणि सच्छिद्र दगडांचा एक लहानसा डोंगर. "सर," तो म्हणाला, "दगड जुने झालेत, बदलायला हवेत. पण सगळे बदलले तर टाकी तीच राहील, की नवी होईल?"

प्रश्न त्याने हसत विचारला, पण मला काही तो हसण्यावारी नेता आला नाही.

या दगडांना जाणकार 'जिवंत खडक' म्हणतात. वास्तविक दगड तो दगडच. मेलेल्या प्रवाळांचा चुनखडीचा सांगाडा. जिवंत असतात ते त्याच्या छिद्राछिद्रांत राहणारे रहिवासी. माशांच्या उत्सर्गातून आणि कुजणाऱ्या अन्नातून पाण्यात अमोनिया उतरतो आणि तो माशांना विषासारखा असतो. दगडाच्या पृष्ठभागावरचे जिवाणू त्याचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. जिथे प्राणवायू पोचत नाही अशा आतल्या पोकळ्यांत दुसऱ्या जातीचे जिवाणू त्या नायट्रेटचा नायट्रोजन वायू करून त्याला हवेत सोडून देतात. म्हणजे जे दगड आपण शोभेचे समजतो, त्यांच्याच जिवावर मासे जगत असतात.

मग ते बदलायचे कशाला? कारण वर्षानुवर्षांच्या खाद्यातले फॉस्फेट दगडात मुरत जाते, पुढे तेच पाण्यात झिरपते, आणि कितीही घासले तरी हिरवे शेवाळ पुन्हा पुन्हा माजते. नवे दगड समुद्रातून उचलून आणावेत, तर तेही शक्य नाही. मालवणच्या किनाऱ्याला आणि मुरगावसमोरच्या ग्रँड बेटाजवळ प्रवाळ आहेत खरे, पण खडक बांधणाऱ्या प्रवाळांना २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्या पंक्तीला स्थान मिळाले आहे. आणि ते योग्यच झाले. तेव्हा कोरडा, निर्जीव, सच्छिद्र दगड आणायचा आणि त्याच्यात जीव भरेपर्यंत थांबायचे, एवढाच मार्ग उरतो.

पण तो जीव भरतो कसा? इथेच या उद्योगाची खरी मेख आहे. जुने दगड एका दिवसात काढून नवे रचले, तर पाणी दिसायला स्वच्छ दिसेल; पण अमोनिया पचवणारे बहुतेक जिवाणू जुन्या दगडांबरोबर बाहेर गेलेले असतील आणि मासे तडफडू लागतील. म्हणून जाणकार आधी नवा दगड जुन्याच्या शेजारी त्याच पाण्यात ठेवतात. जुन्यावरचे जिवाणू हळूहळू नव्यावर वस्ती करतात. मग जुन्यातला थोडा भाग काढायचा, काही आठवडे पाण्याची परीक्षा करीत राहायचे, आणि सारे ठीक असेल तरच पुढचा भाग. असे करता करता वर्षही लोटते.

आता त्याचा प्रश्न. हा प्रश्न जुना आहे. अथेन्सच्या लोकांनी थीसियसचे जहाज जपून ठेवले, कुजलेली एकेक फळी बदलली. शेवटी ते जहाज तेच का, यावर तत्त्वज्ञांत वाद माजल्याचे प्लुटार्कने नोंदवले आहे. आपल्याकडे 'मिलिंदपञ्हा'त भिक्षू नागसेन रात्रभर जळणाऱ्या दिव्याचा दाखला देतो. पहिल्या प्रहरीची ज्योत आणि शेवटच्या प्रहरीची ज्योत एकच नव्हे, आणि निराळीही नव्हे.

मला जहाजापेक्षा ज्योत जवळची वाटते. जहाजाची जुनी फळी नव्या फळीला काही देत नाही; ती नुसती जागा रिकामी करते. ज्योत मात्र विझण्यापूर्वी पुढच्या ज्योतीला पेटवते. टाकीचेही तसेच आहे. ती तीच आहे की नाही, हे किती दगड उरले यावरून ठरत नाही. जुन्याने नव्याला काही दिले की नाही, यावरून ठरते. गीतेतला जीर्ण वस्त्रांचा दृष्टान्त आपल्या सर्वांना पाठ असतो. पण वस्त्र एकट्याने टाकता येते. जिथे अनेकांचा संसार एकमेकांवर उभा आहे, तिथे वस्त्रासारखे काही टाकता येत नाही.

हे शहाणपण मला फार उशिरा आले. काही वर्षांपूर्वी आमच्या भजनी मंडळातल्या वृद्ध मंडळींचे सूर लागत नाहीत, म्हणून त्यांना एकदम विश्रांती द्यावी, असे मीच सुचवले होते. शिकलेली, गोड गळ्याची मुले पुढे आली. पहिल्या वर्षी कौतुक झाले. दुसऱ्या वर्षी कोणत्या वेळी कोणता अभंग घ्यायचा, कुठे थांबायचे, कुणाला पुढे करायचे, हे कुणालाच ठाऊक नव्हते. तिसऱ्या वर्षी मुलेच येईनाशी झाली. वृद्धांचे सूर गेले होते हे खरे. पण त्यांच्यापाशी सुरांखेरीज काय होते, ते मी पाहिलेच नव्हते.

यावर कुणी विचारील, मग प्रत्येक जुनी गोष्ट अशी गोंजारतच बदलायची का? नाही. एखाद्या दगडातून तांबे किंवा दुसरा विषारी धातू पाण्यात उतरत असेल, तर तो त्याच दिवशी बाहेर काढावा लागतो; तिथे 'थोडा थोडा' म्हणणे हा अपराध ठरेल. पंगतीतला भेद पाव पाव करून नाहीसा करू म्हणणाऱ्याला भेद नाहीसा करायचाच नसतो. झिजलेले आणि विषारी या दोहोंतला फरक ओळखणे, हाच खरा नैतिक प्रश्न आहे. आपण बहुधा उलटे करतो. झिजलेल्याला घाईने हाकलतो आणि विषारी असेल त्याला परंपरा म्हणून सांभाळतो.

सीमेवरच्या आपल्या घरांत हा प्रश्न रोजचा आहे. अंगणात एक भाषा, पुस्तकात दुसरी, आणि नातवंडांच्या ओठी आता तिसरी. नवी भाषा आली म्हणून मला भीती वाटत नाही. भीती वाटते ती आजी आणि नातू एका खोलीत पुरेसा काळ बसत नाहीत याची.

"मग टाकी तीच राहील?" त्याने निघताना पुन्हा विचारले.

मी म्हणालो, "सप्ताह आठवतो ना? पहाटेच्या पाळीचे गडी आले म्हणून रात्रीच्या पाळीचे लगेच उठत नाहीत. नव्यांच्या हातातले टाळ लयीत बसेपर्यंत दोन्ही पाळ्या मिळून गातात. सात दिवसांत माणसे किती बदलतात. पण सप्ताह मोडला, असे कुणी म्हणत नाही. तुझे दगड तसे बदल."

गेल्या आठवड्यात त्याचा फोन आला. नवे दगड जुन्यांच्या शेजारी ठेवले आहेत. जुना अजून एकही काढलेला नाही.

मीही त्या भजनी मंडळातल्या हयात असलेल्या दोघांच्या घरी जाऊन आलो. यंदाच्या सप्ताहाला मुलांच्या शेजारी त्यांनी बसावे, एवढेच मागणे होते. एकाने हो म्हटले आहे.