न कळलेली आज्ञा

आज्ञापालन हा थोर गुण खरा. परंतु जी आज्ञा आपणांस कळलीच नाही, तिला मान डोलाविणे यास आज्ञापालन म्हणावे काय? घरी बसून हा प्रश्न सोपा वाटतो. गोमंतकातील अनेक घरांतून मुले बोटीवर चाकरीस जातात. त्यांना मात्र तो पहिल्याच आठवड्यात सोडवावा लागतो.

मालवाहू बोटीवर नवख्याला ओळखीचे काहीच नसते. चार तासांची पाळी, आठ तासांची सुटी, पुन्हा पाळी. बोट लागल्यामुळे पोटात अन्न ठरत नाही. यंत्रांच्या घरघरीत झोप येत नाही. सोबती निरनिराळ्या देशांचे. अशा वेळी वरिष्ठाचे बोलणे अर्धे कळो न कळो, ‘होय’ म्हणून मोकळे होण्याचा मोह पडतो. पुन्हा विचारल्यास आपण अडाणी ठरू, ही लाज आड येते.

पण सुकाण्याची रीत पाहावी. सुकाणू कोणत्या बाजूस किती अंश वळवावयाचे, हे अधिकाऱ्याने सांगताच तो तेच शब्द मोठ्याने परत उच्चारतो आणि मग चक्र फिरवितो. मुरलेल्या सुकाण्यासही यात कमीपणा वाटत नाही. कारण त्याच्या चुकीचे फळ साऱ्या बोटीस भोगावे लागते.

याहून बिकट प्रसंग मालाच्या बंद कोठाराचा. कोळसा, लाकडाचे ओंडके, गंजणारे लोखंड तेथील प्राणवायू हळूहळू शोषून घेतात. डोळ्यांस काही दिसत नाही, नाकास वास येत नाही. उतरणारा क्षणांत कोसळतो आणि त्याला काढावयास धावलेलाही पुष्कळदा तेथेच राहतो. म्हणून हवा तपासल्यावाचून आत जाऊ नये, असा दंडक आहे. १ जानेवारी २०१५ पासून अशा जागेतून माणूस सोडविण्याचा सराव दर दोन महिन्यांनी करणे आंतरराष्ट्रीय नियमाने आवश्यक झाले. तरीही ‘खाली उतर’ असे फर्मान आल्यावर ‘हवा तपासली आहे ना?’ असे नम्रपणे विचारण्याचे धैर्य नियमाच्या पुस्तकातून येत नाही. ते घरूनच न्यावे लागते.

आग लागली असता प्रश्नोत्तरांस अवसर नसतो, हे खरे. म्हणूनच शांत वेळी सारे विचारून घ्यावयाचे. अर्जुनानेही शंका फिटल्यावरच धनुष्य उचलले. त्यास कोणी अवज्ञा म्हटले नाही. मग आपल्या घरी लहानग्याने ‘का?’ म्हणताच ‘उलट बोलू नकोस’ असे आपण का म्हणतो, याचा विचार ज्याने त्याने करावा.