एका उजेडात

कोल्हापुरात गंगावेशीजवळच्या एका बोळात एक पेंटर राहत होते. त्यांचं नाव दाराच्या पाटीवर होतं, पण गावाच्या तोंडी ते नुसते 'पेंटर'. या शहरात त्यात कमीपणा नाही. स्वतः कॅमेरा तयार करून १९२० साली 'सैरंध्री' हा चित्रपट काढणारे बाबूराव मिस्त्रीही इथे बाबूराव पेंटर म्हणूनच ओळखले गेले, आणि कॅमेरा हाती आला म्हणून त्यांनी ब्रश काही खाली ठेवला नाही.

आमच्या पेंटरांचा ब्रशही खाली नव्हता. तो ठेवणं परवडलंही नसतं. माडीवर उत्तरेची खिडकी, तिच्यासमोर इझल, आणि भिंतीला टेकून ठेवलेली अर्धवट तैलचित्रं: दूध संस्थेचे माजी चेअरमन, एका शाळेचे संस्थापक, तालमीचे वस्ताद. पूर्वी दुकानांच्या पाट्याही ते रंगवत, पण फ्लेक्स आला आणि ते काम गेलं. जानेवारीत टाऊन हॉलच्या बागेत 'रंगबहार' या कलासंस्थेची मैफल भरली की लोकांच्या गराड्यात कुणाला तरी समोर बसवून व्यक्तिचित्र काढायला त्यांना मनापासून आवडे. पण टाळ्यांवर किराणा भरत नाही. घर चाले ते फोटोवरून काढलेल्या चित्रांवर. चेअरमनची सुटलेली हनुवटी थोडी आत घ्यायला सांगितली, तर ते नाही म्हणत नसत.

एका जूनमध्ये, पहिला पाऊस होऊन गेल्यावर, नदीकाठच्या गावातून पन्नाशीचा एक शेतकरी माडी चढून आला. त्याने खिशातून आधार कार्ड काढून समोर ठेवलं.

"आई. श्रावणात वर्षश्राद्ध हाय. मोठा फोटो काढायचा, हातानं रंगवलेला."

कार्डावरचा फोटो नखाएवढा. त्यात कपाळावर उजेडाचा पांढरा डाग आणि डोळ्यांच्या जागी दोन काळे ठिपके. दुसरा फोटो आहे का म्हटल्यावर त्याने मोबाइलमध्ये एका लग्नाचा घोळका दाखवला. त्यात आई होती, पण पंगतीत वाढताना, पाठमोरी.

माडीवर कलानिकेतन कला महाविद्यालयात शिकणारा एक पोरगा हाताखाली होता. तो हळूच म्हणाला, "सर, कॉम्प्युटरवर मोठा करून कॅनव्हासवर प्रिंट मारूया. वरून चार हात रंगाचे दिले की झालं. नाहीतर डोईवर पदर, मोठं कुंकू, सुरकुत्या. खेड्यातली आजी म्हणून कुणालाही पटेल."

"कुणालाही पटेल, तिच्या पोरांना नाही पटणार," पेंटर म्हणाले. ते डोळे बारीक करून पाहत होते, पण कार्डाकडे नव्हे, त्या माणसाकडे. कपाळाची उतरण तीच होती. कानाची पाळीही तशीच लांब. त्याच्याखालचा चेहरा मात्र निराळा.

"भावंडं किती तुम्ही?"

शेतकरी गप्प झाला. मग म्हणाला, "तिघं. धाकटा भाऊ आन् बहीण. पर बोलणं न्हाई. बांधावरनं दावा चालू हाय, चार वर्सं झाली."

"मग माझ्याच्यानं हे होणार नाही. तुमच्याजवळ आईचं कपाळ आणि कान तेवढे आहेत. बाकीचा चेहरा त्या दोघांकडे असणार. तिघं येऊन बसलात तर काढतो." असं म्हणून पेंटरांनी इसाराचे पैसे परत त्याच्या हातात ठेवले. महिनाअखेर होती, पोरगा नुसता बघत राहिला.

चार दिवसांनी थोरला पुन्हा आला. बाकी दोघं यायला तयार होते, पण वेगवेगळ्या वारी.

"तसं चालत नाही," पेंटर म्हणाले. "आज ऊन, उद्या ढग. कातडीचा रंग उजेडाबरोबर बदलतो. एकाचा रंग सकाळचा आणि दुसऱ्याचा संध्याकाळचा घेतला, तर चेहऱ्याला ठिगळं लागतील. तिघं एका उजेडात हवीत."

त्यांनी सांगितलं ते खरंच होतं. पण त्यांना तेवढंच सांगायचं होतं का, हे पोरग्याला कळलं नाही.

पुढच्या रविवारी तिघं आली. बहीण, अक्का, पन्हाळ्याकडच्या सासरहून एसटीने आली होती. खिडकीसमोर तीन स्टुलं मांडली होती. दोघा भावांनी आपापली दोन टोकं धरली आणि मधलं अक्काला उरलं. पेंटरांनी आधी कोळशाने कागदावर खर्डे केले. थोरल्याचं कपाळ, धाकट्याचे खोल, जरा पिवळसर डोळे आणि गालफाडं, अक्काची जिवणी. अर्धा तास कोळशाच्या खरखरीशिवाय आवाज नव्हता.

मग पेंटरांनी सहज विचारलं, "डावी भुवई अशी अर्धी का दिसते कार्डावर? फोटोचा दोष की तशीच होती?"

"तशीच हुती," अक्का म्हणाली. "पडली हुती म्हणं कुठंतरी."

"पडली न्हवती," थोरला भिंतीकडे बघत बोलला. "म्हशीचं शिंग लागलं. ह्यो रांगत गोठ्यात गेल्ता. ह्येला उचलाय ती मधी घुसली."

धाकटा स्टुलावरून वळला. "मला कुणी कधी सांगितलं न्हाई."

"तिनंच सांगू दिलं न्हाई. पोराच्या जिवाला लागंल म्हणायची."

त्यानंतर बैठकीचा रंग पालटला. ओठ रंगवायची वेळ आली तेव्हा पेंटरांनी खालचा ओठ सरळ घेतला. अक्का म्हणाली, "असा न्हाई. मिश्री लावून लावून खालचा ओठ जरा फुगलेला असायचा, आन् डागबी हुता." थोरल्याला डाग नको होता, पाव्हणेरावळे बघतात. धाकटा म्हणाला, "डाग काढलासा तर आई कशी म्हणायची, दादा?" चार वर्षांत त्याने 'दादा' म्हणण्याची ती पहिलीच वेळ. पेंटरांनी बर्न्ट अंबरमध्ये किंचित तांबडा मिसळला आणि ओठाच्या कडेला डाग ठेवला. मग पाठीमागच्या आरशात चित्र उलटं बघितलं. डोळा एका बाजूला घसरला असला तर आरसा चुगली करतो. डोळा जागेवर होता.

आणखी दोन रविवार गेले. चित्र झालं, आणि लगेच भांडणही उभं राहिलं: लावायचं कुणाच्या घरात? आवाज चढले. शेवटी थोरल्याने तोडगा काढला, "पेंटर, अशीच तीन काढा. ज्याचं त्यो पैसं दील."

पोरग्याचे डोळे चमकले. एकाच मेहनतीत तीन चित्रांचे पैसे.

पेंटर हात पुसत म्हणाले, "काढतो की. पण आत्ता नाही. पावसाळ्यात तेलरंग लवकर वाळत नाही. हे असंच भिंतीला लावायचं. काच नाही, गुंडाळायचं नाही, इकडून तिकडे हलवायचं नाही. हवा खेळेल अशी जागा हवी. सहा महिन्यांनी मी येऊन व्हार्निश देतो. त्या दिवशी किती प्रती हव्यात ते सांगा. तुमच्याकडे मोठी, हवेशीर जागा कुठली?"

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. तशी जागा एकच होती, जुन्या घराचा सोपा. ते घरही दाव्यात होतं, आणि दाराला दोन कुलपं होती, दोघा भावांची एकेक. एक माणूस ते दार उघडूच शकत नव्हता.

वर्षश्राद्ध त्याच सोप्यात झालं. नंतरही महिनाभर पावसाने भिंत ओलावली, तेव्हा चित्राच्या पाठीला बुरशी धरतेय का, हे बघायला दर आठ-दहा दिवसांनी दोघांना किल्ल्या घेऊन यावं लागे.

माघात पेंटर पोरग्याला घेऊन व्हार्निश द्यायला गेले. दाराला एकच कुलूप होतं, आणि त्याची किल्ली शेजारच्या घरात ठेवलेली. चहा झाला, व्हार्निश झालं. प्रतींचा विषय कुणी काढला नाही. दावा मात्र मिटला नव्हता. बांधाचा निकाल लागेल तेव्हा लागेल. पण आता कोर्टाच्या तारखेला दोघं भाऊ एकाच मोटरसायकलवरून जात होते.

परतीच्या एसटीत पोरगा म्हणाला, "सर, दोन चित्रांचे पैसे गेले की."

"गेले खरे. पण रंग वाळायला वेळ लागतो, यात मी खोटं काय सांगितलं?"

तात्पर्य: जमिनीची वाटणी करता येते आणि ज्याचा त्याचा तुकडा ज्याला त्याला पुरतो. आईवडिलांची तशी वाटणी होत नाही. त्यांची एकेक खूण एकेका लेकराकडे असते, आणि ते पुरे दिसायचे तर सगळ्यांना एका उजेडात बसावं लागतं.