मताला वय असते का?

८ मे २०२५ रोजी सिस्टिन चॅपेलच्या धुरांड्यातून पांढरा धूर निघाला आणि आपल्याला पोप लिओ चौदावे लाभले. त्या निवडणुकीत १३३ कार्डिनलांनी मत दिले. जगात कार्डिनल त्याहून कितीतरी अधिक आहेत. मग बाकीचे कुठे होते? त्यांच्यापैकी बहुतेकांची ऐंशी वर्षे उलटली होती, म्हणून ते बाहेर राहिले.

हा नियम पोप पॉल सहावे यांनी नोव्हेंबर १९७० मध्ये केला. कार्डिनल ओत्ताव्हियानी यांनी तीनच आठवड्यांपूर्वी ऐंशी पूर्ण केली होती. त्यांनी उघड नाराजी व्यक्त केली. त्यांचे दुःख आम्हाला कळते. गंमत अशी की, ऐंशीनंतर कार्डिनलांना मत देता येत नाही, पोप मात्र होता येते!

हा नियम ऐकून कोणी म्हणेल, "बघा, चर्चसुद्धा म्हाताऱ्यांना मत देऊ देत नाही. मग आमच्या आजीला उचलून बूथवर कशाला न्यायचे? तिला काय कळते?" निवडणूक आली की असले बोलणे आपल्या घराघरांत ऐकू येते, आणि आजी ते पलीकडच्या खोलीतून ऐकत असते.

आम्हाला वाटते, येथे दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत होते. कार्डिनलांचे मत ही पदाबरोबर आलेली जबाबदारी आहे. ते साऱ्या ख्रिस्तसभेसाठी मत देतात. बिशप पंचाहत्तराव्या वर्षी राजीनामा सादर करतात, तसेच हे ओझे उतरवणे आहे. आजीचे मत हे पद नव्हे. रेशन, पेन्शन, नळाचे पाणी, सरकारी दवाखाना, या सर्वांचे निर्णय तिच्यावर शेवटच्या दिवसापर्यंत लागू असतात. त्या निर्णयांत तिचाही वाटा हवा.

लहान वयाला अट आहे, हे खरे. १९८९ मध्ये आपल्या देशाने ती २१ वरून १८ वर आणली. पण सोळा वर्षांच्या मुलाला 'थांब' म्हटले, तर त्याचा दिवस दोन वर्षांनी येतो. आजीला थांबवले तर तिचा कधी येणार?

आपल्या घटनेने वरच्या वयाला मर्यादा ठेवलेली नाही. उलट २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत ८५ वर्षांवरील मतदारांना 'नमुना १२ ड' भरून घरीच मत देण्याची सोय झाली. अधिकारी मतपत्रिका घेऊन दारी आले. ते पाहून आम्हाला आजाऱ्यांना घरी कम्युनियन देणारे आपले फादर आठवले. तेही अंथरुणावरच्या माणसाला आधी धर्मशिक्षणाची परीक्षा देण्यास सांगत नाहीत.

अडचण एकच राहते. खरोखर स्मृती गेलेल्यांचे काय? कायदा म्हणतो, मनोविकलतेमुळे मतदार यादीतून नाव काढायचे तर तसा निर्णय सक्षम न्यायालयाने दिलेला असावा लागतो. तो मुलाने किंवा सुनेने जेवणाच्या टेबलावर द्यायचा नसतो. आणि हात थरथरतो म्हणून आपण सोबत गेलो, तर बटण आजी सांगेल तेच दाबायचे असते. आपल्याला तो पक्ष मुळीच आवडत नसला तरी.