कोयत्याआधी पाटी

दसरा-दिवाळी सरली की केजच्या गावागावांतून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. मुकादमाची उचल फेडायला मायबाप फडावर जातात. मागोमाग लेकरेही जातात, अन् शाळा तुटते. वारीत चुकलेले पोर आपण शोधून आणतोच ना? मग हे का सुटावे? २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने ६ ते १४ वर्षांच्या, स्थलांतरित घरच्याही, प्रत्येक मुलाला शाळेचा हक्क दिला आहे. तेव्हा टोळी निघण्याआधी आपण दारोदार विचारू. लेकरू आजीपाशी राहणार असेल, तर हंगामी वसतिगृहासाठी गुरुजींना गाठू. फडावर जाणार असेल, तर तिथल्या शाळेत नाव घालायला सांगू. आमच्या गळ्यात माळ अन् लेकराच्या हाती कोयता, हे पांडुरंगास कसे रुचेल? रामकृष्णहरी!