घरात येणारी माती

दिवाळी जवळ आली की आपण घरातून वस्तू बाहेर काढतो. माळा रिकामा होतो, कपाटं पालथी पडतात, जिन्याखाली रद्दीचे गठ्ठे बांधले जातात. जबलपूरहून शहपुरा आणि पुढे दिंडोरीला जाणाऱ्या रस्त्यावर, 50 किलोमीटरच्या आतच, कुंडम लागतं. हिरन नदी इथल्या कुंडातून निघते आणि पुढे नर्मदेला मिळते. कुंडमच्या आजूबाजूच्या गोंड वस्त्यांमध्ये याच दिवसांत बाया उलटं काम करत असतात. त्या घरात माती आणतात. टोपलीत पांढरी छुही, कुठे पिवळी माती, कुठे गेरू. भिंत झाडून घ्यायची, भेगा बुजवायच्या आणि वरून नवा हात द्यायचा. वर्षभराचा धूर, मुलांच्या हातांचे डाग, पावसानं उडवलेला चिखल, सगळं त्या हाताखाली जातं आणि घर नवं दिसू लागतं.

आपल्या आज्यांना हे नवीन नव्हतं. शेणात माती कालवायची, ओल्या हातानं अर्धवर्तुळं एकात एक गुंतवत मागे मागे सरकायचं आणि शेवटी दारातून बाहेर पडायचं, कारण वाळेपर्यंत आत पाऊल टाकायची सोय नाही. मातीच्या जमिनीवर नुसती केरसुणी फिरवली तर धूळ उडतच राहते. सारवण तिला खाली बसवतं, बारीक भेगा भरतं. तेव्हा काहीही बाहेर न टाकता, उलट वर एक थर चढवूनही घर स्वच्छ होतं. फरशी पुसणाऱ्या आणि डबे मोजणाऱ्या आपल्या डोक्यात हे चटकन शिरत नाही.

सारवून झालं की भिंतीवर, जमिनीच्या कडेला बोटांनी दिगना काढतात: रेघा, त्रिकोण, जाळ्या. पुढच्या लिपाईत ते झाकले जातात आणि मग नवे येतात. मंडला जिल्ह्यात जन्मलेल्या दुर्गाबाई व्याम लहानपणी आजीकडून हे दिगने शिकल्या. पुढे त्यांनी तीच बोटं कागदाकडे आणि कॅनव्हासकडे वळवली. 2022 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. घरातली कला घराबाहेर गेली की तिचा जीव जातो, असं म्हणणारे रसिक मला भेटले आहेत. मला मात्र त्यातली सहीची गोष्ट मोठी वाटते. पिढ्यानपिढ्या भिंती रंगवणाऱ्या बायांपैकी कुणाचीही सही त्या भिंतीवर नव्हती. घरकामाचं हे जुनंच दुखणं आहे: केलं तर दिसत नाही, न केलं तर लगेच दिसतं.

एवढ्यावर थांबले तर हे वर्णन पर्यटकाचं होईल. छुही काही पिशवीत भरून विकायला ठेवलेली नसते. गावाबाहेरच्या ठरावीक खाणींतून ती खणून आणावी लागते. वरची माती निकामी, चांगली आत, म्हणून बाया आत आत पोखरत जातात आणि कधी तरी वरची दरड खाली येते. महाकोशलात आणि शेजारच्या शहडोल, उमरियाकडे छुही खणताना बायका-मुली गाडल्या गेल्याच्या बातम्या पुन्हा पुन्हा येतात, त्यातल्या किती तरी सणांच्या तोंडावर. वर्तमानपत्रात त्या आतल्या पानावर चार ओळींत संपतात. म्हणून मातीच्या घरांचं कौतुक मी बेतानं करते. ज्या बाईनं जन्मभर आठवड्याच्या आठवड्याला जमीन सारवली, तिनं सिमेंटची फरशी मिळाली तर खुशाल घ्यावी आणि पाहुण्यांच्या हळहळीकडे मुळीच लक्ष देऊ नये. प्रधानमंत्री आवास योजनेतलं गावचं घर स्वयंपाकाच्या जागेसह किमान 25 चौरस मीटरचं असतं. एवढ्याशा जागेतही गुडघ्यांवर बसून मागे सरकायचं काम संपतं, हे थोडं नाही.

आता चुलीकडे. या भागातलं रोजचं खाणं म्हणजे पेज. कोदो किंवा कुटकी, नाही तर मका, नाही तर तांदळाची कणी भरपूर पाण्यात शिजवायची आणि पातळच ठेवायची. बरोबर मीठ, मिरचीची चटणी, पावसाळ्यात चकोड्याची भाजी, म्हणजे आपला टाकळा. मालवणी माणसाला पेजेची ओळख करून द्यायला नको, उकड्या तांदळाच्या जागी इथं भरड धान्य आलं एवढंच. पोषणावर बोलणारे लोक हल्ली कोदो-कुटकीचे गोडवे गातात, ते खरंही असेल. पण पेजेची खरी हुशारी मला तिच्या वेळेत दिसते. एकदा चढवली की तिच्याकडे सारखं बघावं लागत नाही. उकळी आली की लाकडं मागे ओढायची आणि निखाऱ्यावर सोडून द्यायची. मग ती सकाळी प्या, दुपारी प्या, थंड झाली तरी चालते. उन्हाच्या दिवसांत तिच्याबरोबर पाणीही पोटात जातं.

मार्च-एप्रिलमध्ये मोहाची फुलं गळू लागली की बाया उजाडायच्या आत झाडाखाली पोचलेल्या असतात, कारण उशीर केला तर फुलं जनावरं खाऊन टाकतात. मे महिन्यात तेंदूपत्ता. पावसात रोवणी, निंदणी. स्वयंपाक करणारीच घरी नसते, तरी म्हातारी माणसं आणि पोरं यांना खायला मिळालं पाहिजे. पेज ही त्या अडचणीवरची तोड आहे.

अमेरिकेत घराघरात गेलेल्या स्लो कुकरची जन्मकथाही अशीच एका अडचणीतून निघते. आयर्विंग नॅक्सन या संशोधकाला त्याचं पेटंट 1940 मध्ये मिळालं. कल्पना सुचली ती आईनं सांगितलेल्या आठवणीवरून. लिथुआनियातल्या ज्यू वस्तीत शब्बाथच्या दिवशी आग पेटवायला मनाई, म्हणून शुक्रवारी सूर्य मावळायच्या आत मांस, कडधान्य, बटाटे एका भांड्यात भरून ते गावच्या पाववाल्याच्या भट्टीत ठेवत. भट्टी रात्रभर निवत जाई आणि आतलं चोलेंट शिजत जाई. पुढे 1970 मध्ये रायव्हल नावाच्या कंपनीनं नॅक्सनचा धंदा विकत घेतला आणि 1971 मध्ये तेच भांडं ‘क्रॉक-पॉट’ या नावानं बाजारात आणलं. बायका मोठ्या संख्येनं नोकरीला जात होत्या आणि बाई कामावर, जेवण घरी आपलं आपण तयार, असाच जाहिरातीचा सूर होता. एकीकडे धर्माची मनाई, दुसरीकडे ऑफिसची वेळ, कुंडमकडे मोहाची फुलं. भांडी तीन, पण बाईला चुलीपासून उठू द्यायचं हे काम तिन्हींनी केलं.

आपल्याकडे चुलीला वैल असायचा. मुख्य जाळावर भाकरी चालू असताना उरलेल्या आचेवर वरण, दूध सावकाश होत राहायचं. मग प्रेशर कुकर आला. त्यानं वेळ वाचवला यात शंका नाही, पण शिट्ट्या मोजायला घरात कुणीतरी लागतंच. घाईच्या भांड्यानं बाईला अर्ध्या तासात मोकळं केलं, मात्र त्या अर्ध्या तासात तिला स्वयंपाकघरातच डांबून ठेवलं. सावकाश शिजणारं अन्न जास्त वेळ घेतं, पण तो वेळ तिच्याकडून घेत नाही.

तिच्याकडून घेत नाही, असं मी सहज लिहून गेले. पेजेला लाकूड लागतं आणि ते जंगलातून डोक्यावरून येतं. हे तास हिशोबात धरले तर पेजेची फुरसत बरीच आखडते. 2016 मध्ये सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेनं खेड्यापाड्यांतल्या घरांत सिलिंडर पोचवला, तरी पुष्कळ घरांत तो चहासाठी आणि घाईच्या भाजीसाठी राखून ठेवलेला दिसतो. तासभर रटरटणारी पेज गॅसवर परवडत नाही, ती लाकडावरच. धूर डोळ्यांत जातो तो वेगळाच.

वस्तूंचं काय? कुंडमचाच रस्ता पुढे दिंडोरी जिल्ह्यात जातो. तिथल्या सिलपिडी गावच्या लहरीबाई या बैगा जमातीतल्या. भरड धान्यांच्या दीडशेहून जास्त वाणांचं बी त्यांनी जपलं आहे. 2023 हे आंतरराष्ट्रीय भरड धान्य वर्ष होतं, तेव्हा त्यांचं नाव देशभर पोचलं. त्यांच्या घरातल्या दोन खोल्यांपैकी एक या बियाण्याला दिलेली आहे, मातीच्या कोठ्यांमध्ये. दोन खोल्यांत राहणाऱ्या माणसानं एक खोली साठवणीला द्यावी, हे घर आवरायचे धडे देणाऱ्या कुठल्याही पुस्तकात बसणार नाही. त्या पुस्तकांतलं सर्वांत गाजलेलं मारी कोंडो या जपानी बाईंचं. वस्तू हातात घ्यायची, आनंद वाटला तर ठेवायची, नाही तर आभार मानून निरोप द्यायचा, ही त्यांची कसोटी. मूठभर कुटकी हातात घेऊन आनंद होतो का, हे मी कल्पनेत करून पाहिलं. विशेष काही होत नाही. पण पुढच्या पावसात कुणाच्या तरी शेताला ती लागणार असते. (कोंडोबाईंनी स्वतः 2023 मध्ये सांगून टाकलं की तिसऱ्या मुलानंतर आपलं घर पूर्वीसारखं आवरलेलं राहत नाही. तेव्हापासून त्या मला जास्त जवळच्या वाटतात.)

लहरीबाई ते बी शेतकऱ्यांना देतात आणि पीक आलं की दिलं त्याहून थोडं जास्त परत घेतात. त्यामुळे कोठी भरलेली असूनही तिथं अडगळ नाही. वस्तू बाहेर जाते, परत येते, परतताना वाढून येते. आमच्या माळ्यावर याच्या दहापट जागा आहे, पण तिथून गेल्या कित्येक वर्षांत काहीही खाली आलेलं नाही: लग्नातले डिनर सेट, मुलांच्या दुपट्यांची गाठोडी, बंद पडलेल्या मिक्सरची दोन भांडी. किती वस्तू आहेत हे मोजत बसण्यापेक्षा शेवटची हलली कधी, हे विचारायला हवं. कुंडमकडच्या मातीच्या घरात फारसं काही थांबत नाही. भिंतीची माती पावसानं अंगणात जाते, बाज सैल झाली की दोर पुन्हा आवळला जातो, फाटकं लुगडं कथरीत जातं. गरिबीचा त्यात मोठा वाटा आहे, हे उघड आहे. थांबवून ठेवायला जास्तीचं असावं लागतं.

आपल्या मराठी घरांतही वस्तू फिरती ठेवणारी माणसं होती. बोहारीण त्यातली सर्वांत पक्की. दुपारच्या वेळी दारात बसून ती जुन्या साड्या उजेडात धरायची, जर कुठे विरला आहे ते दाखवायची आणि एका पातेल्यासाठी तासभर घासाघीस करायची. घरातली बाई त्या तासात जितकं आवरायची तितकं एरवी आठवड्यात होत नसे. जबलपूरच्या गल्ल्यांतून कपड्यांवर भांडी देणाऱ्या बाया अजून फिरतात, फक्त आपण सोसायटीच्या फाटकावर त्यांना अडवतो आणि मग मोबाइलवर घर आवरायचे व्हिडिओ बघतो.

यंदा मी माळ्याची यादी वेगळी केली. काय टाकायचं याऐवजी काय कुणाकडे जाईल, असा रकाना आखला. मोठी पितळी पातेली शाळेच्या पोषण आहाराला उपयोगी पडतील असं वाटलं होतं. तिथल्या स्वयंपाकीणबाई म्हणाल्या, “दीदी, याला कल्हई कोण करणार? स्टीलचं द्या.” म्हणणं बरोबर होतं. पितळ मोडीत घालून स्टीलचे दोन डेग घेतले आणि दिले. दुपटी शेजारच्या घरी गेली, तिथं मार्चमध्ये पाळणा हलणार आहे. डिनर सेटचा निर्णय घरात लांबणीवर पडला. सुती साड्या आणि चादरी उरल्या आहेत. त्यांच्या कथऱ्या शिवून घ्यायच्या आहेत. कुंडमकडून शहरात भाजी घेऊन येणाऱ्या एकीनं ओळखीतल्या दोघींची नावं सुचवली आणि लगेच बजावलं, “शिलाई पहिले तय कर लेना, दीदी. बाद में सब घर का काम बोल के कम देते हैं.”